गोकुळाबाई घरी बसत नाही

कमळाच्या तेरवीला पंगत बसली होती. वरण, भात, वांग्याची भाजी आणि थोडी बुंदी. बायकांच्या ओळीत कोणीतरी उसासा टाकून म्हणालं, "थंडीनं गेली बिचारी. औंदाची थंडीच वाईट, बापा."

गोकुळाबाईने उचललेला घास पत्रावळीवर परत ठेवला.

"थंडीनं नाई गेली," ती म्हणाली. "कोंडून मारली तिले."

वाढणारे जागच्या जागी थांबले. कमळाचा मुलगा लटारू, डोकं भादरलेला, वरणाची बादली घेऊन समोरच उभा होता. तो बादली खाली ठेवून घरामागे निघून गेला. त्याची बायको नंदिनी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. निकेश, गोकुळाबाईचा मुलगा, पुरुषांच्या ओळीतून उठून आला आणि आईच्या दंडाला धरून म्हणाला, "माय, चाल घरी. काय बोलून राह्यली तू?"

"जेवून येतो," ती म्हणाली, आणि डोळे पुसत, नाक ओढत, सगळ्यांच्या देखत जेवली. कमळाच्या नावाचं अन्न ती टाकणार नव्हती.

सावरटोली हे चिमूरपासून बरंच आत, जंगलाला खेटून असलेलं गाव. गावाला मोठा तलाव आहे आणि तलावात मासे धरून जगणारी ढिवरांची घरं आहेत. गोकुळा आणि कमळा एकाच उन्हाळ्यात नवरी होऊन या गावात आल्या. एकीला डोंगा वल्हवता यायचा, दुसरीचा हात जाळं टाकण्यात बसलेला, म्हणून जोडी जमली. दोघींचे नवरे लवकर गेले, पण जोडी राहिली. झिंगे पकडायचे, टोपलीत घालायचे, दुपारपर्यंत आजूबाजूच्या गावांत विकून यायचं, हे दोघींनी जन्मभर केलं.

हिवाळा हा त्यांचा खरा हंगाम होता. धान कापून झालं, की या झाडीपट्टीत थंडी मुक्कामाला येते. सकाळी तलावावरून धुकं उठतं ते गावात शिरून बसतं, आणि जंगलामुळे ऊन उशिरा येतं, लवकर जातं. पण त्या थंडीत कोणी म्हातारं माणूस घरात कुडकुडत बसलेलं दिसायचं नाही. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मच्छीमार सोसायटीचं शेड होतं. वर टिनाचे पत्रे, तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू उन्हाकडे उघडी. ऊन पाळीवर आलं, की बाया तिथे जमायच्या. फाटकी जाळी विणायची, मोठ्या गंजात शिंगाडे उकडायचे, सोलताना बोटं काळी करून घ्यायची, आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. कोणाची सून नांदत नाही, कोणत्या गावात यंदा कोणतं नाटक येणार, कोणाच्या गाईला काय झालं, सगळं तिथे कळायचं. ज्यांच्याने काम होत नसे त्याही यायच्या. बसायच्या, दोन शिंगाडे सोलायच्या, वाद घालायच्या.

मग सोसायटीचे सचिव बापूजी यांनी उघड्या बाजूला लोखंडी जाळीचं दार बसवलं आणि कुलूप घातलं. आधी म्हणाले, जाळी चोरीला जातात. नंतर आत त्यांच्या धानाची पोती आली. मग त्यांच्या मुलाची मोटरसायकल आली. बाया काही दिवस पाळीवर उघड्यावर बसल्या. आणि त्याच सुमारास शेजारच्या गावची एक बाई गवत कापायला गेली ती परत आली नाही. वाघाने नेली. त्यानंतर पाळीवर बसायचं नाव कोणी काढलं नाही.

वाघ ही काही थट्टेची गोष्ट नव्हे. गोकुळाबाईने जन्मात तीनदा वाघ पाहिला होता आणि तिन्ही वेळा तिची वाचा बसली होती. पण वाघ आला म्हणून गावातल्या पुरुषांची चौकातली शेकोटी काही विझली नाही. विझली ती फक्त बायांची.

कमळाला तेव्हा दिसायला कमी झालं होतं. लटारू आणि नंदिनी रस्त्याच्या कामावर जायचे. अंधारातच पिकअप गाडी यायची आणि दिवस मावळल्यावर परत आणून सोडायची. जाताना लटारू दाराला बाहेरून कडी लावायचा. गोकुळाबाई खिडकीशी जाऊन बोलायची. सुरुवातीला कमळा गजांना धरून तास तास गप्पा मारी. मग खाटेवरूनच उत्तर देऊ लागली. मग एक दिवस गोकुळाबाईने हाक मारली तेव्हा आतून आवाज आला, "कोण?"

"मी वं, गोकुळा."

"कोणती गोकुळा?"

पुसाच्या महिन्यात ताप आला आणि कमळा गेली. लोक म्हणाले, थंडीने गेली.

तेरवीनंतर लटारू वर्षभर गोकुळाबाईशी बोलला नाही. समोर आली, तर रस्ता बदलायचा. तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं. तिचा राग वर्षभर तसाच तापलेला होता.

पुढचा हिवाळा आला तेव्हा पाळीच्या चिखलात पंजाचे ठसे उमटले. वनखात्याची जीप भोंगा लावून गावातून फिरली. एकट्याने जंगलात जाऊ नका, अंधार पडायच्या आत घरी या. निकेश त्याच दिवशी चिमूरला जाऊन जाडजूड ब्लँकेट घेऊन आला आणि आईच्या खाटेसमोर भिंतीवर नवा टीव्ही लावून दिला.

"आता फागुनापर्यंत घराबाहेर पाऊल नाई टाकाचं, माय."

"एकट्यानं जाऊ नका म्हणत होता भोंगा. जाऊच नका, असं नाई म्हणला."

"तुले सगळं उलटंच ऐकू येते," निकेश म्हणाला आणि ट्रॅक्टरवर निघून गेला.

सून रिंकू स्वभावाने चांगली. चांगली होती म्हणूनच गोकुळाबाईला भांडता येईना. झाडू हातात घेतला की रिंकू तो काढून घ्यायची. "बसा आई. जिंदगीभर केलं तुम्ही, आता आराम करा." भाजी निवडायला मागितली, तर म्हणायची, "टीव्ही पाहा न, मी करतो." गोकुळाबाई बसली. टीव्हीतल्या गोऱ्यापान बाया दागिने घालून झोपत होत्या आणि दागिने घालूनच उठत होत्या. त्यांच्याशी काय बोलायचं? गुडघे आखडले. जाळ्याची गाठ झरझर मारणारी बोटं सकाळी उघडायलाच वेळ घेऊ लागली. दिवसभरात तोंडून निघायचं ते एवढंच: 'हो', 'नको', 'जेवली'.

एका दुपारी दारात हाक आली. "गोकुळा! ए गोकुळा!"

"कोण?"

"मी, सुकरी."

"कोणती सुकरी?"

बोलून झालं आणि गोकुळाबाईच्या अंगावर काटा आला. हे शब्द तिचे नव्हते, कमळाचे होते. सुकरी म्हणजे पलीकडच्या गोंडटोल्यातली तिची जुनी ओळखीची. हिरडा, आवळा, पळसाची पानं घेऊन वर्षानुवर्षं या दारावर येणारी. आणि तिला ती विचारत होती, कोणती सुकरी.

गोकुळाबाईने टीव्ही बंद केला. पायात चपला घातल्या. कोपऱ्यातली काठी घेतली.

"आई, कुठी?" रिंकू आतून धावली.

"बाहेर."

सुकरी तिच्याकडे पाहून म्हणाली, "पोतेरं झालं वं तुहं. आमच्या टोल्यात म्हातारीले कोणी असं बसवून ठेवत नाई. बसवलं, तं कामं कोण करंल?"

"तुमच्या टोल्यात वाघ नाई काय?"

"तुमच्या अगोदर आमच्याकडे येते तो. आम्ही झुंडीनं जातो, बोंबलत जातो."

दोघी रस्त्याला लागल्या आणि वळणावर लटारू आडवा आला. रविवार होता, काम बंद होतं. रस्ता बदलायला त्याला जागाच मिळाली नाही. तो थांबला आणि वर्षभरात पहिल्यांदा बोलला. "मावशी, कुठी चालली? वाघ फिरून राह्यला."

"तुह्या मायलेही तू हेच सांगत होता ना?"

लटारूचा चेहरा काळा पडला. मग तो ओरडलाच. "हो! सांगत होतो! कडी लावत होतो, बाहेरून लावत होतो! अंधारात गाडी येते, आम्ही दोघं जातो. एक दिवस दार उघडं ठेवलं, तं आंधळी माय पाळीवर जाऊन बसली होती एकटी, शेडच्या दारापाशी. ती गवतवाली बाई जाऊन आठवडाबी नव्हता झाला. मी काय कराचं होतं? काम सोडाचं होतं? तू भर पंगतीत बोलली, मी ऐकून घेतलं. आता तू सांग. ह्या गावात एक जागा सांग, जिथी म्हातारं माणूस दिवसा बसंल आणि बाजूले चार माणसं असतील. एक सांग मले, मावशी!"

गोकुळाबाईने तोंड उघडलं. शेड, असं ती म्हणणार होती. पण शेडला कुलूप होतं. आंधळी कमळा त्या कुलपापाशी जाऊन बसली होती, हे तिला आजच कळत होतं.

ती मग म्हणाली, "तुह्यावर बोलली ते चुकलं, बाबू. जिथी बोलाचं होतं, तिथी बोललीच नाई मी. चाल."

"कुठी?"

"बापूजीकडे."

बापूजी घरापुढच्या सपरीत उन्हाला खुर्ची टाकून चहा पीत होते. गोकुळाबाईपेक्षा वयाने लहान, पण सचिव झाल्यापासून चालणं आणि बोलणं दोन्ही सावकाश झालेलं.

"बापूजी भाऊ, शेडची चाबी द्या. आम्ही म्हाताऱ्या दिवसा तिथी बसू."

"वयनी, शेड सोसायटीची हाय. बाया काही सोसायटीच्या मेंबर नाईत. आणि उद्या वाघ आला, तं जबाबदारी कोणाची?"

"आता आतमधी तुमचं धान हाय. त्याची जबाबदारी कोणाची?"

"धानाले वाघ नाई खात."

"मंग धान बाहेर ठेवा, आम्ही आत बसतो. जाळीचं दार हाय तिले, तुम्हीच बसवलं."

बापूजींनी कप खाली ठेवला. "वयनी, तुमचं वय आता आरामाचं. पोरानं टीवी लावून दिला म्हणते. नशीब समजा. थंडीत अंगावर घ्याचं, पडून राह्याचं."

"तुम्ही माणसं रोज दुपारपर्यंत चौकात शेकोटी करून कॅरम खेळता. तुम्ही काऊन नाई पडून राहत?"

"आम्ही माणसं हावो."

"वाघ काय लुगडं पाहून खाते?"

मागे लटारूला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. सुकरीने लपवलं नाही. बापूजी लाल झाले. "विषय ग्रामसभेत मांडा," म्हणून उठून आत गेले.

घरी येताना गोकुळाबाईचे पाय दुखत होते आणि डोकं तडतडत होतं. ज्या शेडसाठी तिच्या नवऱ्याने माती वाहिली, त्याच्या पायरीवर कमळा शेवटची बसली, आणि हा माणूस म्हणतो नशीब समजा! ग्रामसभा कधी होणार, आणि तोवर किती जणी खाटेवरून विचारणार होत्या, कोणती गोकुळा?

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर ती आणि सुकरी घराघरांत शिरल्या. कांताबाईच्या सुनेने सांगितलं, सासूला खोकला आहे. गोकुळाबाई म्हणाली, "खोकला घरीबी राहील, बाहेरबी राहील. लुगडं नेसव तिले." कोणी नातवाची सबब सांगितली, कोणी गुडघ्याची. पण एक निघाली की दुसरी निघायची. शाली पांघरलेल्या, काठ्या टेकत चाललेल्या म्हाताऱ्यांची रांग गावातून निघाली आणि सरळ चौकात गेली. पानठेल्यासमोर पुरुषांची बाकडी होती, मधोमध शेकोटीची राख. त्यांनी नवी लाकडं रचली, आग पेटवली आणि बाकड्यांवर बसल्या. सुकरीने पळसाची पानं काढून पत्रावळ्या टाचायला घेतल्या. गोकुळाबाईने मांडीवर जाळं पसरलं.

थोड्या वेळाने पुरुष आले. कॅरमचा बोर्ड काखेत घेऊन उभेच राहिले. गावच्या काक्या, माम्या, मावश्या समोर बसलेल्या. त्यांच्यापुढे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा कसा? शिवी द्यायची कशी? जरा वेळ इकडेतिकडे घुटमळून एकेक जण पांगला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. पानठेलेवाला कुरकुरला, "बाई, माह्या गिऱ्हाइकाचं वाटोळं होऊन राह्यलं."

"बापूजीले सांग," गोकुळाबाई म्हणाली.

मग एक तरणा पोरगा मोठ्याने बोलला. चौकात म्हाताऱ्यांचं काय काम, घरी बसून देवाचं नाव घ्यावं. गोकुळाबाई जाळं बाजूला सारून उभी राहिली. 

"तुह्या बारशाचे झिंगे कोणाच्या टोपलीतले होते, विचार तुह्या मायले. ह्या गावातल्या अर्ध्या घरांत माह्या नि कमळाच्या हातची मासळी शिजली. तवा कोणी नाई म्हणलं, घरी बसा. कंबरभर पाण्यात, पुसाच्या थंडीत उतरत होतो, तवा आमची थंडी कोणाले दिसली नाई. आता हातातून टोपली सुटली, तं सगळ्यांले आमची थंडी दिसते, आमचा वाघ दिसते! कमळा आतमधी वाळून गेली. कोणी ये बाई बस, म्हणलं काय तिले? तू म्हणलं काय?"

पोरगा खाली पाहू लागला. तेवढ्यात कोणीतरी बोलावून आणलेला निकेश ट्रॅक्टर उभा करून आला. त्याचे कान लाल झाले होते. "माय, लोक हासून राह्यले. चाल."

"हासणाऱ्यांले सांग, आपापल्या माया घेऊन या."

निकेश तिचा हात धरणार, तर मागून रिंकू चहाची केटली घेऊन आली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. ती नवऱ्याला म्हणाली, "राहू द्या. किती दिवसांनी आवाज निघाला आईचा. घरात मीच बोलत होती, आणि तो टीव्ही." मग ती म्हाताऱ्यांना चहा देऊ लागली.  निकेशने वाकून शेकोटीत एक लाकूड सरकवलं आणि निघून गेला.

आठवडा उलटायच्या आत बापूजींनी चावी पाठवली. लटारूच्या हाती पाठवली, स्वतः आले नाहीत. पोती हलली, मोटरसायकल हलली. आत उंदरांच्या लेंड्या आणि सांडलेलं ऑइल होतं. दोन दिवस झाडलोट करण्यातच गेले, आणि झाडणाऱ्यांच्या कंबरा दुखल्या तरी कोणी कुरकुर केली नाही. वाघाचं भय होतंच, म्हणून नियम घातले. ऊन वर आल्यावर सगळ्यांनी मिळून निघायचं. पुढे सुकरी डबा वाजवत चालणार. ऊन झाडांना टेकायच्या आत परत फिरायचं. एकीने मागे रेंगाळायचं नाही. दुपारी पाय मोकळे करायला पाळीवरून रांगेने चालत जायचं आणि यायचं. सांधे आखडले असं म्हणणारीने तर आधी जायचं.

कांताबाईचा खोकला गेला नाही, पण खोकताखोकता ती बोलायला लागली आणि मग थांबेचना. दोन म्हातारे पुरुषही आले. चौकातल्या पोरांच्या गोंगाटात त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून. लटारूने पिकअपमधल्या मजुरांना सांगितलं, तशा दूरच्या घरांतल्या आणखी दोघी-तिघी आल्या. रविवारी तो आणि नंदिनी स्वतः येऊन शिंगाड्याचा गंज चुलीवर चढवू लागले. पहिल्यांदा आली तेव्हा नंदिनी गोकुळाबाईच्या समोर बसली नाही. दुसऱ्यांदा बसली. कमळाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

गोकुळाबाईचं समाधान मात्र झालं नव्हतं. सोसायटीच्या बैठकीत जाऊन तिने विचारलं, जाळं आम्ही विणतो, मासळी आम्ही विकतो, मग मेंबर आम्ही का नाही? उत्तर मिळालं, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन, म्हणून ती आली.

आणि एका सकाळी सगळ्या पाळीवर पोचल्या, तर शेडच्या जाळीवर भलं मोठं फ्लेक्स टांगलेलं. त्यावर हात जोडलेले, गॉगल लावलेले बापूजी, माणसापेक्षा मोठे. बाजूला कोणत्यातरी परक्या देशातल्या हसऱ्या म्हाताऱ्यांचं चित्र. रविवार असल्याने लटारू सोबत होता. त्याने वाचून दाखवलं: सचिव बापूजी यांच्या संकल्पनेतून ज्येष्ठ महिलांसाठी हिवाळी विरंगुळा केंद्र.

कांताबाई हसून हसून खोकायला लागली. गोकुळाबाई हसली नाही. तिने काठी जमिनीवर आपटली.

"उतरव ते."

"फाडू?"

"फाडतो कशाले? चांगलं जाड हाय. उत्तरेच्या भिंतीची वीट निघाली, तिथून वारा घुसते. तिथी बांध."

लटारूने फ्लेक्स उतरवलं, कोपऱ्यांना सुतळ्या ओवल्या आणि विचारलं, "मावशी, बापूजीचं तोंड आतल्या अंगानं ठेवू का बाहेरून?"

"बाहेरून," गोकुळाबाई म्हणाली. "दोन महिने जरा त्यालेबी थंडी लागू दे."

मग ती आत जाऊन आपल्या जागी बसली आणि शिंगाडे अजून चुलीवर का चढले नाहीत, म्हणून सगळ्यांवर ओरडली.